लाल रंगात ठेवलेले दात

दातांचा डॉक्टर म्हणून मी सोलापुरात पाटी लावली तेव्हा तिसाचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. गावात दात दुखला की माणसं लवंग दाबून धरत, आणि लवंगेनं भागलं नाही की दात उपटून टाकत. मुंबईत चार वर्षं शिकून आलेला मी सगळ्यांना सांगायचो की किडका दातसुद्धा वाचवता येतो. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं, मग काढा आता."

त्या दिवसांत मला दोन माणसं भेटली. एक विणकर आणि एक बाजारात फडकं पसरून दात काढणारा. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पुढं चाळीस वर्षं मी जो धंदा केला, त्यातलं निम्मं शहाणपण या दोघांमुळे आलं, असं मला आजही वाटतं. ते कसं, ते सांगतो.

विणकर शहराच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले होते, चाळिशीच्या आसपासचे. घरात तेलुगू बोलत, माझ्याशी सोलापुरी मराठी. त्यांना आळीत सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणू लागलो. एका सकाळी ते आले, खुर्चीवर बसले आणि तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "दात काढायचा न्हाय. काढायचं असंल तर मी चाललो."

इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो तो रोगी हाच, असं वाटून मला मनातून फार बरं वाटलं.

वरचा, पुढचा, डाव्या बाजूचा दात होता. रंग शिसवी झालेला. त्याच्या वर हिरडीवर गव्हाच्या दाण्याएवढी पुटकुळी होती. ती भरायची, फुटायची, पू यायचा, आणि महिन्याभरात पुन्हा भरायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. कारण विचारलं तर म्हणाले की, बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या मागावरचा धोटा निसटला आणि सरळ तोंडावर येऊन बसला. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. तिला दोन्ही टोकांना लोखंड असतं. दात तुटला नाही, पण आतून मेला.

"एवढा त्रास होतोय तर काढायला का नको?" मी विचारलं.

त्यांनी काखेतल्या पिशवीतून एक धोटाच काढला. मला दाखवायला म्हणून आणलेला असावा. त्याच्या कुशीला एक बारीक भोक होतं. आतली सूत गुंडाळलेली कांडी बदलली की नव्या सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढावं लागतं. अण्णांनी भोकाला ओठ लावले, श्वास आत ओढला, आणि सुताचं टोक त्यांच्या पुढच्या दातांत आलं. दातांनीच त्यांनी ते तोडलं.

"दिवसभर हेच चालतंय," ते म्हणाले. "हितं खिंडार पडलं तर मी काय करू?"

मी त्यांना समजावून सांगितलं. दाताच्या मुळात एक नळी असते. ती आतून साफ करता येते, पण त्यांचा रोग नळीच्या पार टोकाला, जबड्याच्या हाडात जाऊन बसला होता. हिरडी वर उचलायची, हाडाला छोटी खिडकी पाडायची, मुळाचं सडलेलं टोक कापून टाकायचं, आजूबाजूची घाण खरवडायची, आणि नळीचं उघडं पडलेलं तोंड तिथंच बुजवून टाकायचं. बाटलीला बूच मारावं तसं. फक्त बूच ज्वारीच्या दाण्याच्या चतकोराएवढं, आणि बाटली रक्तात बुडालेली.

"आजवर किती जणांचं केलंय?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ पाहिलंय," मी म्हणालो.

खरं म्हणजे मी दोन शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या, आणि तिसऱ्या वेळी माझ्या गुरुजींनी अर्धी मला करू दिली होती. पण तसं सांगितलं तर हा माणूस उठून जाईल, अशी मला भीती वाटली. अण्णांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

मुळाच्या टोकाला काय भरायचं, हा प्रश्न राहिलाच. कॉलेजात यावर तीन मतं होती. एक गुरुजी गटापर्चा भरत. गटापर्चा म्हणजे रबरासारखा एका झाडाचा चीक. त्याच्या गुलाबी काड्या मिळत. दिव्यावर धरली की काडी मऊ होई, आणि गरम हत्याराने दाबून बसवता येई. दुसरे गुरुजी चांदीचा चुरा आणि पारा खलात घोटून त्याचा लगदा भरत. तो काही तासांत दगडासारखा घट्ट होई. तिसरे जस्ताची पांढरी भुकटी लवंगेच्या तेलात कालवत. तिघांपैकी प्रत्येकाला आपलाच मसाला उत्तम वाटे, आणि प्रत्येकाकडे बरे झालेले रोगी होते. मी गटापर्चा निवडला, कारण जी अर्धी शस्त्रक्रिया मी केली होती, तीत तोच होता. दुसरं काहीही कारण नव्हतं.

शस्त्रक्रिया पार पडली. बधिर करणारी सुई दिल्यावर अण्णा दगडासारखे पडून राहिले. पायाने चालवायचं कोरणीयंत्र फिरवून मी हाडाला खिडकी पाडली, टोक कापलं आणि गरम काडी दाबून बसवली. शेवटी रेशमाचे तीन टाके घातले. अण्णांनी आरसा मागून घेतला, ओठ वर करून टाके नीट पाहिले आणि सुजलेल्या तोंडानं म्हणाले, "गाठ बरी मारलीय."

माझ्या कामाबद्दल सोलापुरात कुणी बोललेला तो पहिला चांगला शब्द. मी आठवडाभर त्यावर खूश होतो.

साडेतीन-चार महिन्यांनी अण्णा परत आले. आल्या आल्या ओठ वर केला. पुटकुळी पुन्हा त्याच जागी बसलेली होती.

"काढून टाकू या" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते बोललो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि दोष दाताच्या माथी गेला असता. पण अण्णा नुसते शांत बसून होते, तक्रार नाही, राग नाही. त्या शांतपणापुढं मला खोटं बोलवेना. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मी पूर्वी हे किती वेळा केलं होतं ते सांगितलं, तीन गुरुजींची तीन मतं सांगितली, आणि गटापर्चा का निवडला तेही सांगितलं.

मला वाटलं, आता अण्णा उठतील. पण ते म्हणाले, "मग त्या तिघांतलं खरं कुणाचं, ते तुमी बघितलं का न्हाय?"

"कसं बघणार? हाडाच्या आतलं काम. वरून काही दिसत नाही."

"आमी रंग पक्का हाय का कच्चा, ते बाईला लुगडं नेसवून बघतो काय? सुताची एक लडी घेतो, सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकतो. उतरला तर तितंच उतरतो." त्यांनी स्वतःच्या दातावर बोट ठेवलं. "ह्येच बाहीर करून बघा की. उपटलेलं दात कुटं कमी हाईत गावात?"

"दात मिळतील. पण फटीतून काही आत झिरपलं तरी ते कळणार कसं?"

"पाणी शिरलं तर दिसत न्हाय," अण्णा म्हणाले. "रंग शिरला तर दिसतो."

इतकं साधं होतं ते. उपटलेल्या दाताच्या मुळाचं टोक कापायचं, त्यात मसाला भरायचा, बाकी सगळा दात लाखेनं बंद करायचा म्हणजे रंगाला दुसरी वाट उरणार नाही, आणि दात रंगात बुडवून ठेवायचा. मग उभा चिरून पाहायचं, रंग मसाल्याच्या कडेनं किती आत गेला. चार वर्षांच्या शिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी बाटलीभर लाल रंग आणून दिला. त्यांचे मेहुणे सूत रंगवण्याच्या कारखान्यात हौदावर कामाला होते. "ह्यो लई बारीक फटीत शिरतो," अण्णा म्हणाले. "आमच्या नखांतनं म्हयनाभर जात न्हाय."

आता दात हवे होते. माझ्याकडे काढलेले होते ते पाच-सहा. तेव्हा गड्ड्याची जत्रा भरली होती. सिद्धेश्वराच्या या जत्रेत दरवर्षी एक म्हातारे गृहस्थ लाल फडकं पसरून बसायचे. पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी, समोर दोन पक्कडी, आणि फडक्यावर दातांचा ढीग. दवाखान्यात त्यांच्याबद्दल मी कधी चांगलं बोललो नव्हतो. न धुतलेल्या पक्कडीनं किती माणसांच्या तोंडात विष कालवलं असेल, असं मी येईल त्याला सांगत असे. आता त्यांच्याचपुढं कोट घालून उभा राहिलो, आणि भोवतीची माणसं माझ्याकडे पाहायला लागली.

त्यांनी मान वर केली. "आपका भी निकालना है क्या, डॉक्टरसाब?"

म्हणजे ते मला ओळखत होते. मी काय बोलत होतो तेही त्यांच्या कानावर गेलं असणार. मी खाली बसलो आणि सांगितलं की मला दात हवेत.

"दातां?" ते हसले. "ये तो मेरी दुकान की पाटी है जी."

मी का हवेत ते सांगितलं. मराठी त्यांना चांगली समजत होती. मुळाचं टोक, तीन मसाले, लाल रंग, सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. मग ढिगातून पुढचे, सरळ मुळाचे दात एकेक निवडून त्यांनी माझ्या रुमालात घातले, वीस-बावीस तरी असतील.

"ले जाव," ते म्हणाले. "पन जो निकलेगा वो मेरेकू भी बोलना. भूलना नक्को."

बरण्या माझ्या बायकोकडून मागून घेतल्या. तिनं लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या दिल्या, पण त्या स्वयंपाकघरात कधीही परत यायच्या नाहीत या अटीवर. शेजारणीला ती सांगायची, "आमच्याकडे सध्या दातांचं लोणचं घातलंय." एका बरणीत गटापर्चाचे दात, दुसरीत चांदी-पाऱ्याचे, तिसरीत जस्त आणि लवंगतेलाचे. आठ दिवसांनी बाहेर काढले, धुतले, कानशीनं घासत मध्यापर्यंत आणले. तिन्ही बरण्यांतले सगळेच दात आतून लाल झालेले होते. कुठं मसाल्याच्या कडेनं, कुठं मधूनच, कुठं तर पार मसाला नसलेल्या बाजूनं.

तिन्ही गुरुजी खोटे ठरले, असं मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी माझं भिंग घेतलं आणि खिडकीत जाऊन एकेक दात पाहिला. कापडातला दोष शोधताना पाहतात, तसा सावकाश फिरवून.

"ह्या दातालाच चिरा हाईत," ते म्हणाले. "उन्हात वाळलेत. फडक्यावर कैक वर्षं पडलेलं दात हे. ओलं असतील ते घ्या."

मी पुन्हा जत्रेत गेलो. चाचांना, मी त्यांना आता चाचा म्हणू लागलो होतो, काय झालं ते सांगितलं. ते मनापासून हसले. मग त्यांनी एका बाटलीत मिठाचं पाणी भरून घेतलं आणि त्या दिवसापासून काढलेला प्रत्येक चांगला दात ते त्यात टाकू लागले. जत्रा संपल्यावर ते बाजारात बसत. आठवड्यातून एकदा बाटली घेऊन स्वतः दवाखान्यात येत. चपला जिन्याखाली काढून ठेवत आणि वर येऊन दारातच उभे राहत, आत यायला संकोचत. पहिल्या वेळी मीही त्यांना बसा म्हणालो नाही, हे आठवलं की आजही लाज वाटते. दुसऱ्या वेळी माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी चहा आणून ठेवला आणि स्टूल पुढं केलं. तिनं शिकवल्यावर मी शिकलो.

चहा पिताना चाचांचं लक्ष स्पिरिटच्या शेगडीवरच्या भांड्याकडे असे. त्यात माझी हत्यारं उकळत असत.

"कायकू उबालते जी हर बार?" त्यांनी एकदा विचारलं.

मी सांगितलं. एका तोंडातलं दुसऱ्या तोंडात जाऊ नये म्हणून. मी पूर्वी त्यांच्या पाठीमागं जे बोलत होतो तेच सगळं, पण या वेळी त्यांच्या तोंडावर आणि नीट. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तिकडून चाललो होतो. त्यांच्या फडक्याशेजारी एक छोटी शेगडी पेटलेली होती आणि पातेल्यात पक्कडी उकळत होत्या. मला पाहून त्यांनी नुसता हात वर केला.

ओल्या दातांचे प्रयोग पुढं पाच-सहा महिने चालले. तोवर अण्णांची पुटकुळी भरत होती, फुटत होती. मी दर पंधरा दिवसांनी नळी धुऊन औषधाची पट्टी ठेवायचो. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र दात काढावाच लागेल, असं बजावून ठेवलं होतं. "मी थांबतो," ते म्हणायचे. "तुमी बघून घ्या."

जे दिसलं ते असं. गटापर्चा गरम असताना भोकाच्या कडेला छान चिकटल्यासारखा वाटे, पण गार होताना आकसे. डोळ्यांना न दिसणारी फट राही, आणि लाल रंग त्या फटीतून सरळ आत जाई. अण्णांच्या दातात हेच झालं असणार. जस्त आणि लवंगतेलाच्या मसाल्यानं मला चकवलं. पहिल्या आठवड्यात त्याच्या कडेनं रंग जवळजवळ शिरलाच नाही, आणि मला वाटलं, सापडलं. पण तेच दात दीड महिना ठेवले तेव्हा मसाल्याचा वरचा थर मऊ पडून झिजला होता, नखानं निघत होता. चांदी-पाऱ्याचे दात दोन तऱ्हेचे निघाले. काहींत रंग कडेलाच थांबला होता, तर काहींत गटापर्चासारखाच आत गेला होता. मसाला एकच, खल एकच, हात एकच, मग फरक का? प्रत्येक दाताची नोंद मी तारखेसकट वहीत करत होतो, ती वही काढून बसलो.

उत्तर माझ्याच वहीत होतं. ज्या दिवशी चाचा बाटली घेऊन आले आणि मी घाईनं दात पाण्यातून काढून तसेच भरले, त्या दिवसाचे दात गळत होते. ज्या दिवशी आधी कापसानं आणि गरम हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्यानं भोक कोरडं करून घेतलं होतं, त्या दिवसाचे दात टिकले होते. म्हणजे काय भरलं याच्याइतकंच, भरताना जागा किती कोरडी होती याला महत्त्व होतं. मला अण्णांच्या पहिल्या शस्त्रक्रियेची आठवण झाली. मुळाच्या टोकाशी रक्त पाझरत होतं आणि मी घाईघाईनं गरम काडी दाबून मोकळा झालो होतो.

मी हे सगळं चाचांना सांगितलं, कबूल केल्याप्रमाणे. मग गटापर्चाच्या गुरुजींना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. बरणीतला दात आणि माणसाच्या तोंडातला दात एक नव्हे, हे विसरू नकोस, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की, तरी रंगात दीड महिना ठेवलेले गटापर्चाचे दोन दात मला पाठवून दे, मला पाहायचे आहेत. आपल्या मताविरुद्धचा पुरावा मागून घेणारे गुरू मला लाभले होते, हे तेव्हा फारसं जाणवलं नाही. आता जाणवतं.

अण्णांची दुसरी शस्त्रक्रिया ठरली. या वेळी खुर्चीवर बसवण्याआधीच मी म्हणालो, "अण्णा, हे मी आजवर एकदाच पूर्ण केलंय, आणि ते तुमचंच."

"म्हणजे माझा दात तुमच्या वळखीचा हाय," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

भरपूर उजेड लागणार होता, म्हणून सकाळची दहाची वेळ निवडली. खिडकीतलं ऊन आरशानं तोंडात पाडायला माझी बायको उभी राहिली. रक्त पाहून तिला भोवळ येईल असं मला वाटत होतं. पण तिचा हात एकदाही हलला नाही. हिरडी उचलली, जुन्या खिडकीतून पुन्हा आत गेलो, मऊ पडलेलं सगळं खरवडलं, गटापर्चाचं टोक काढून टाकलं आणि मुळाच्या कापलेल्या तोंडाशी बारीक खोबण कोरली, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, म्हणजे मसाला सुटून येणार नाही. रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेली कापसाची वात हाडाच्या पोकळीत दाबून धरली आणि वाट पाहिली. वात बदलली. पुन्हा वाट पाहिली. चामड्याच्या तुकड्यातून जादा पारा पिळून टाकलेला लगदा कणाकणानं भरू लागलो.

अर्धं भरून झालं आणि वरून रक्ताचा एक थेंब पाझरून खोबणीत उतरला.

मी थांबलो. बरण्या पाहिल्या नसत्या तर मी तसाच पुढं गेलो असतो, त्याबद्दल मला शंका नाही. "अण्णा, भिजलं," मी म्हणालो. "सगळं काढून पहिल्यापासून करावं लागेल. अजून अर्धा तास." त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी पोटावरचा हात उचलला, पालथा केला आणि दोनदा हळूच खाली दाबला. सावकाश होऊ द्या, असं म्हणायचं होतं त्यांना.

दुसऱ्या वेळी जागा कोरडी राहिली. टाके घालून झाले तेव्हा आरसा खाली ठेवून माझी बायको मागच्या खोलीत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर कळलं, हात इतके अवघडले होते की तिला पाण्याचा तांब्या उचलवेना.

महिना गेला, चार महिने गेले, वर्ष गेलं. पुटकुळी आली नाही. हिरडीवर त्या जागी करड्या रंगाचा एक डाग तेवढा उमटला. चांदी-पाऱ्याचा हा दोष आहे. मी अण्णांची माफी मागितली. पण ते तो डाग ओठ वर करून आळीतल्या माणसांना दाखवू लागले आणि त्यांतली कितीतरी माणसं माझ्याकडे पाठवू लागले.

चाचांकडूनही माणसं येऊ लागली, ही गोष्ट मात्र मी कधी अपेक्षिली नव्हती. एक दिवस एक टांगेवाला गाल धरून जिना चढून आला. म्हणाला, "बाजारातल्या म्हाताऱ्यानं पक्कड लावलीच न्हाय. म्हनला, ये दात बचनेवाला है, निकालना नक्को, उपर डॉक्टर के पास जा." असे एक नाही, पुढच्या काही वर्षांत पुष्कळ आले. दात काढणं हाच ज्याचा धंदा, तो माणूस वाचणारा दात ओळखून समोरचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवत होता. मी त्यांना विचारलं, असं का करता? ते म्हणाले, "मेरेकू अब मालूम है ना. मालूम होके कैसा निकालूं?"

चाचा दशक संपण्याआधीच गेले. शेवटचे काही महिने त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते दात काढत नसत. फडकं पसरून नुसते बसत आणि येणाऱ्याला तोंड उघडायला लावून सांगत, कुठं जायचं. त्यांच्या मयतीला मी गेलो होतो. कोपऱ्यात उभा होतो. त्यांचा एक नातू जवळ आला, माझा हात धरला आणि मला पुढं घेऊन गेला.

त्याच सुमारास गावातल्या एका डॉक्टरांकडे क्ष-किरणांचं यंत्र आलं. मी अण्णांना घेऊन गेलो. शस्त्रक्रियेला सहा वर्षं होऊन गेली होती. यंत्रानं दाताचं चित्र उमटवलेली काच सुकल्यावर आम्ही ती खिडकीशी धरली. जिथं पूर्वी रोगानं हाड खाऊन टाकलं होतं, तिथं नवं हाड भरून आलं होतं, आणि मुळाच्या टोकाशी पांढराशुभ्र ठिपका होता. तो मसाला. मी अण्णांना ते बोटानं दाखवलं.

"अण्णा," मी म्हणालो, "पुटकुळी परत आली तेव्हा तुम्ही दुसरीकडे गेला असता तर मी पुन्हा हे कधीच केलं नसतं. तुमचे उपकार माझ्यावर फार आहेत."

अण्णा काच डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. "दुसरीकडं कुटं जाणार होतो?" ते म्हणाले. "दाताचा दुसरा डाक्टर कुटं हाय गावात?" मग काच माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही मला घरी न्यायला मिळंल काय? मंडळीला दाखवतो."

मी ती कागदात गुंडाळून त्यांना दिली.